बार्सिलोना की नीस? युरोपातल्या समुद्रकाठच्या सुट्टीसाठी शहर निवडताना

युरोपात समुद्रकाठी आठ-दहा दिवस राहून यावे असे ठरले, की आमच्या ओळखीच्या घरांमध्ये दोन नावे हमखास निघतात: स्पेनमधले बार्सिलोना आणि फ्रान्समधले नीस. दोन्ही भूमध्य समुद्रावर आहेत, दोन्हीकडे युरो चालतो, दोन्हींना शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) पुरतो आणि दोन्हींचे विमानतळ गावाला लागून आहेत. कागदावर सारखी दिसणारी ही शहरे राहायला गेल्यावर मात्र इतकी वेगळी निघतात, की एकासाठी केलेली तयारी दुसऱ्याला उपयोगी पडत नाही. आम्ही आधी बार्सिलोनाला गेलो, तेव्हा मी, नवरा आणि बारा वर्षांचा मुलगा असे तिघे होतो. दोन वर्षांनी नीसला गेलो, तेव्हा एकोणसत्तर वर्षांची आई बरोबर होती. दोन्ही वेळा काही गोष्टी उशिरा कळल्या आणि त्यांची किंमत मोजावी लागली. ती आपल्याला मोजावी लागू नये म्हणून हे टप्पे ज्या क्रमाने करायला हवेत त्याच क्रमाने लिहिले आहेत. विमानाची तिकिटे स्वस्त दिसली म्हणून ती आधी काढून ठेवण्याचा मोह कृपया टाळावा. त्याचे कारण पाचव्या टप्प्यात येईल.

१. सोबत कोण येणार आहे, ते आधी लिहून काढा

एक कागद घ्यावा आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या नावापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: सलग किती चालवते, जिने चढवतात का, आणि बाहेरचे काय काय खाल्ले जाते. सगळ्यांत कमी चालणाऱ्या माणसाच्या पावलाने सुट्टी चालते, हे मी अनुभवाने सांगते. बार्सिलोनात आमचे रोज बारा-तेरा किलोमीटर चालणे होत असे आणि मुलाच्या उत्साहामुळे ते जाणवतही नसे. तोच बेत आईबरोबर आखला असता, तर दुसऱ्या दिवशी दुपारीच ती खोलीवर परतली असती आणि आमच्यासाठी जीव ओढत पुन्हा बाहेर पडली असती.

साधारणपणे असे दिसते, की दहा-बारा वर्षांपुढची मुले, तरुण जोडपी, इमारती, चित्रे आणि फुटबॉल यांत रस असणारी माणसे बार्सिलोनात रमतात. ज्येष्ठ मंडळी, फार लहान मुले बरोबर असलेली कुटुंबे आणि ज्यांना रोज निवांत बसून समुद्र पाहायचा आहे अशी माणसे नीसमध्ये सुखावतात. याला एक मोठा अपवाद आहे आणि तो वाळूचा आहे. त्याविषयी तिसऱ्या टप्प्यात सविस्तर लिहिले आहे.

२. महिना ठरवा, कारण समुद्र आपल्या शाळांच्या सुट्ट्यांप्रमाणे तापत नाही

महाराष्ट्रातल्या कुटुंबांना मोठी सुट्टी मिळते ती एप्रिल-मे महिन्यांत. त्या वेळी दोन्ही शहरांत हवा अतिशय सुखद असते, पण समुद्राचे पाणी मे महिन्यात १७-१८ अंशांच्या आसपास असते. कोकणातल्या समुद्रात डुंबायची सवय असलेल्या मुलांना हे पाणी गारठवणारे वाटते. आमचा मुलगा मोठ्या हौसेने पळत गेला आणि गुडघाभर पाण्यातून परत आला. तेव्हा मे महिन्यात जाणार असाल, तर 'पोहण्याची सुट्टी' असे मनात धरून जाऊ नये. त्या महिन्यात चालणे, पाहणे आणि किनाऱ्यावर बसणे हेच खरे सुख आहे. या हिशेबात बार्सिलोनाचे पारडे थोडे जड होते, कारण समुद्र वगळला तरी तिथे आठवडा पुरत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये पाणी २४-२५ अंशांपर्यंत तापते, पण सारा युरोपही तेव्हाच सुट्टीवर असतो. भाडी वाढलेली असतात आणि किनाऱ्यावर पंचा पसरायला जागा शोधावी लागते. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की दोन्ही ठिकाणी पावसाचा जोर शरद ऋतूत, विशेषतः ऑक्टोबरमध्ये असतो आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जात असल्याने संध्याकाळ लवकर होते. शाळेची अडचण नसेल तर माझे स्पष्ट मत सप्टेंबरच्या बाजूने आहे. गणपती आटोपल्यावर निघता आले, तर पाणी अजून कोमट असते आणि गर्दी ओसरलेली असते.

सप्टेंबरमध्ये बार्सिलोनाला जाणाऱ्यांसाठी आणखी एक आकर्षण आहे. २४ सप्टेंबरच्या आसपास तिथे ला मेर्से हा नगरदेवतेचा उत्सव असतो आणि सान जाउमे चौकात माणसांचे मनोरे रचले जातात. त्यांना कास्टेल म्हणतात आणि २०१० साली युनेस्कोने त्यांना सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. खाली छातीला छाती भिडवून उभा राहिलेला जमाव, कमरेला घट्ट गुंडाळलेले काळे पट्टे, त्या पट्ट्यांत पाय रोवून सरसर वर चढणारी मुले आणि शेवटी टोकावर जाऊन क्षणभर हात उंचावणारे एक चिमुकले पोर हे दृश्य पाहताना दहीहंडी पाहिलेल्या माणसाच्या पोटात जसा गोळा येतो, तसा दुसऱ्या कुणाच्या येत नसेल. फोडायला हंडी मात्र नसते. मनोरा रचून तो सुखरूप उतरवला, की तो पुरा झाला असे मानतात.

नीसला मे महिन्यात जाणार असाल, तर जवळच्या कान या शहरातला चित्रपट महोत्सव कोणत्या तारखांना आहे ते पाहून घ्यावे. मोनॅकोची मोटार शर्यत पूर्वी मेअखेर होत असे, ती २०२६ पासून जूनच्या सुरुवातीला गेली आहे. या दोन्ही वेळी सबंध किनारपट्टीवर खोल्यांचे भाव चढतात.

३. दोन्ही शहरांतला एकेक दिवस डोळ्यांसमोर आणा

बार्सिलोना हे सोळा-सतरा लाख वस्तीचे मोठे शहर आहे आणि समुद्र हा त्याचा केवळ एक भाग आहे. तिथला दिवस ठरवून ठेवलेल्या वेळांवर चालतो. साग्रादा फामिलिया या चर्चचे, पार्क ग्वेल या बागेचे आणि पासेच दे ग्रासिया रस्त्यावरच्या, वास्तुकार गाउदीने रचलेल्या घरांचे तिकीट ऑनलाइन, ठराविक वेळेचे काढावे लागते. दारात जाऊन तिकीट मिळेल या भरवशावर राहू नये. साग्रादा फामिलियाचे काम १८८२ साली सुरू झाले, पुढच्याच वर्षी ते आंतोनी गाउदीकडे आले आणि १९२६ साली ट्रामच्या धडकेने त्याचा मृत्यू होईपर्यंत तो त्यातच गुंतलेला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते जगातले सर्वांत उंच चर्च ठरले.

तिकीट काढताना वेळ कोणती घ्यावी, हे फारसे कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. पूर्वेकडच्या खिडक्यांना निळ्या-हिरव्या काचा आहेत आणि पश्चिमेकडच्या खिडक्यांना लाल-केशरी. सकाळी गेलात तर आतले खांब जंगलातल्या सावलीसारखे हिरवट दिसतात आणि दुपार कलल्यावर गेलात तर तेच खांब पेटल्यासारखे लाल होतात. आम्ही दुपारी चारनंतर गेलो होतो. मुलाने आपला पांढरा शर्ट प्रकाशात धरला, तेव्हा तो आधी केशरी झाला आणि दोन पावले सरकल्यावर जांभळा. तिथे खांदे झाकलेले कपडे आवश्यक आहेत. मनोऱ्यांवर जाण्याचे तिकीट वेगळे असते. वर जायला लिफ्ट असली तरी उतरताना अरुंद गोल जिना उतरावा लागतो, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनी ते तिकीट घेऊ नये.

बार्सिलोनाचा किनारा वाळूचा आहे. १९९२ च्या ऑलिंपिकच्या निमित्ताने शहराने समुद्राकडचे कारखाने आणि रेल्वेमार्ग हटवून हा किनारा लोकांसाठी मोकळा केला. बार्सेलोनेता हा भाग सर्वांत प्रसिद्ध आणि म्हणूनच सर्वांत गजबजलेला आहे. लहान मुले असतील तर तिथून पुढे नोव्हा इकारिया किंवा बोगातेल या किनाऱ्यांवर जावे. बादली-फावडे घेऊन किल्ले बांधणाऱ्या मुलांसाठी हा किनारा नीसपेक्षा नक्कीच चांगला आहे, आणि वर ज्या अपवादाचा उल्लेख केला तो हाच.

नीसचा किनारा गोट्यांचा आहे. मुठीएवढे गुळगुळीत, राखाडी दगड सबंध किनाऱ्यावर पसरलेले आहेत आणि पाण्यात दोन-चार पावले टाकताच तळ खोल जातो. अनवाणी चालणे अवघड असते. आईला पाण्यापर्यंत नेताना आम्ही दोघांनी दोन्ही बाजूंनी धरले, तरी तिचा पाय दोनदा घसरला आणि आम्ही तो नाद सोडला. नीसला जायचे ठरले तर पाण्यात घालायचे रबरी तळव्याचे बूट इथूनच घेऊन जावेत आणि पोहता न येणाऱ्यांना, विशेषतः मुलांना, पाण्यात एकटे सोडू नये.

एवढे असूनही आईची सर्वांत आवडती सुट्टी तीच ठरली, याचे कारण किनाऱ्याच्या वर आहे. प्रोमनाद देझांग्ले हा समुद्रालगतचा सुमारे सात किलोमीटरचा सपाट, रुंद पादचारी मार्ग आहे. एकोणिसाव्या शतकात हिवाळा घालवायला येणाऱ्या इंग्रजांच्या पुढाकाराने तो तयार झाला, म्हणून त्याला हे नाव पडले. हिवाळी पर्यटनातून घडलेल्या या शहराला २०२१ साली युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळाले. त्या मार्गावर निळ्या खुर्च्या मांडलेल्या असतात आणि त्यांवर कुणीही, कितीही वेळ, पैसे न देता बसू शकते. आई रोज संध्याकाळी सहाला तिथे जाऊन बसे. जूनमध्ये सूर्य नऊनंतर मावळतो, त्यामुळे तिच्या वाट्याला रोज तीन तासांचा समुद्र येत असे.

नीसमध्ये साडेतीन लाख लोक राहतात, पण पाहुण्याला लागणारा भाग अगदी आटोपशीर आहे. जुने गाव, कूर सालेयाचा फुले आणि भाजीचा बाजार, आणि किल्ल्याची टेकडी हे सगळे एकमेकांना लागून आहे. टेकडीवर जायला फुकट लिफ्ट आहे, ही गोष्ट पायऱ्या चढून दमल्यानंतर कळण्यापेक्षा आधी कळलेली बरी. दुपारी बाराला तोफेसारखा मोठा आवाज होतो, त्याने दचकू नये. ती तिथली जुनी प्रथा आहे. कूर सालेयावर सोमवारी भाजी-फुलांच्या जागी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो आणि मातिस व शागाल या चित्रकारांची संग्रहालये मंगळवारी बंद असतात, हे ध्यानात ठेवून दिवस लावावेत.

नीसचे खरे बळ तिथल्या लोकल गाडीत आहे. व्हिलफ्रांश सात-आठ मिनिटांवर, मोनॅको वीस-पंचवीस मिनिटांवर, तर इटलीच्या सीमेवरचे माँतों पाऊण तासाच्या आत येते. मोनॅकोकडे जाताना उजव्या बाजूच्या खिडकीशी बसावे. बोगद्यांच्या अधूनमधून समुद्र तिकडेच दिसतो. दुसऱ्या दिशेला आंतिब आणि कान आहेत. सकाळी न्याहारी करून निघावे, एक गाव पाहावे आणि दुपारी विश्रांतीला परत यावे, असा दिवस ज्येष्ठांना झेपतो. व्हिलफ्रांशचा किनारा नीसपेक्षा बराच बारीक खड्यांचा आणि शांत आहे, त्यामुळे मुलांना पाण्यात खेळवायचे असेल तर तिथे न्यावे.

मराठी वाचकांसाठी आणखी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. नीसहून रेल्वेने अडीच तासांच्या आसपास मार्सेय आहे. ८ जुलै १९१० रोजी मोरिया बोटीतून सावरकरांनी समुद्रात उडी घेतली, ती याच बंदरात. ज्यांनी लहानपणापासून ही हकिकत ऐकली आहे, त्यांच्यासाठी तो एक दिवस वेगळा काढून ठेवण्यासारखा आहे.

४. जेवणाचा प्रश्न आधीच सोडवून ठेवा

शाकाहारी मंडळींची दोन्हीकडे उपासमार होत नाही, पण 'शाकाहारी' या शब्दाचा अर्थ तिथे सैल आहे. बार्सिलोनात मिश्र सॅलडमध्ये बहुधा ट्यूना मासा असतो आणि भाजीच्या पदार्थावर सुकवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे भुरभुरलेले असू शकतात. नीसचे प्रसिद्ध सॅलड आणि कांदे पसरून भाजलेली पिसालादियेर ही पोळी, या दोन्हींत अँकोव्ही नावाचे खारवलेले बारीक मासे असतात. त्यामुळे 'मांस नको' एवढे सांगून भागत नाही. 'मांस नको, मासे नकोत' हे वाक्य स्पॅनिशमध्ये 'सिन कार्ने, सिन पेस्कादो' आणि फ्रेंचमध्ये 'सां व्हियांद, सां प्वासों' असे पाठ करून जावे. अंडीही चालत नसतील तर तेही वेगळे सांगावे.

बार्सिलोनात टोमॅटो चोळलेला पाव, तिखट सॉसमधले पातातास ब्राव्हास नावाचे बटाटे, भाजलेली वांगी-मिरची आणि बेदाणे घातलेला पालक हे सहज मिळते. राव्हाल भागात भारतीय उपखंडातल्या लोकांची दुकाने आहेत, तिथे पीठ, डाळ, मसाले आणि कोथिंबीर मिळते. दुपारचे जेवण दीडनंतर आणि रात्रीचे साडेआठ-नऊनंतर, हे वेळापत्रक लहान मुलांना आणि मधुमेहाच्या औषधांवर असलेल्या ज्येष्ठांना त्रासदायक होते, म्हणून जवळ खाऊ ठेवावा.

नीसमध्ये आईचा प्रश्न सोक्काने सोडवला. हरभऱ्याच्या डाळीचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचे तेल एवढेच त्यात असते. गाडीच्या चाकाएवढ्या तांब्याच्या पसरट थाळ्यात ते ओतून लाकडाच्या भट्टीत सारतात, कडा करपल्यावर बाहेर काढतात, कालथ्याने ओबडधोबड तुकडे खरवडतात आणि वर काळी मिरी भुरभुरून कागदावर देतात. आईने पहिला तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "अगं, हे तर आपलं बेसनाचं धिरडं!" त्यानंतर रोज सकाळी ती बाजारात स्वतः रांगेत उभी राहत असे. नीसमध्ये दुपारचे जेवण बारा ते दोन या वेळेतच मिळते. नंतर सातपर्यंत बऱ्याच ठिकाणी चूल थंड असते.

५. एकच शहर निवडा आणि मगच व्हिसाला हात घाला

नकाशावर दोन्ही शहरे जवळ दिसतात, त्यामुळे 'चार दिवस इथे, चार दिवस तिथे' असा बेत अनेकजण करतात. रेल्वेने साधारणपणे गाडी बदलतच जावे लागते आणि दिवसाचा मोठा भाग प्रवासात जातो. विमान सव्वा तासाचे असले, तरी सामान बांधणे, विमानतळ गाठणे आणि नव्या जागी बस्तान बसवणे यांत दिवस जातोच. दहा दिवसांपेक्षा कमी सुट्टी असेल तर हा बेत करू नये.

याचा व्हिसाशी थेट संबंध आहे. शेंगेनचा नियम असा, की ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा आणि दिवस समसमान असतील तर ज्या देशात आधी प्रवेश करणार त्याच्याकडे. चार-चार दिवसांचा बेत केला आणि विमान मध्येच बदलले, तर अर्ज कुणाकडे करायचा यावरच घोळ होतो. आमच्या नात्यातल्या एका कुटुंबाने स्वस्त तिकीट पाहून बार्सिलोनाला उतरायचे ठरवले, मुक्काम मात्र फ्रान्समध्ये अधिक ठेवला आणि अर्ज स्पेनकडे नेला. तो घेतला गेला नाही आणि नव्या वेळेसाठी पुन्हा रांगेत उभे राहावे लागले, तोवर मे महिना तोंडावर आला होता. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी शहर, मग देश, मग व्हिसाची वेळ आणि तिकिटे शेवटी.

दोन्ही देशांचे वाणिज्य दूतावास मुंबईत आहेत, पण अर्ज त्यांनी नेमलेल्या केंद्रात द्यावा लागतो. केंद्राचे नाव दूतावासाच्या संकेतस्थळावरूनच घ्यावे. फ्रान्ससाठी आधी त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरून त्याची छापील प्रत न्यावी लागते. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तो द्यावाच लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण शंका आली तर ४५ दिवसही लागू शकतात. मे महिन्यासाठी फेब्रुवारीतच वेळ घ्यावी. जून २०२४ पासून शुल्क प्रौढांना ९० युरो आणि सहा ते बारा वर्षांच्या आतील मुलांना ४५ युरो आहे. सहा वर्षांखालच्या मुलांना ते नाही. केंद्राचे सेवाशुल्क वेगळे.

न्यायची कागदपत्रे:

- परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असलेला, दहा वर्षांच्या आत काढलेला आणि दोन कोरी पाने शिल्लक असलेला पासपोर्ट. जुने पासपोर्टही सोबत
- ३५ बाय ४५ मिलिमीटरचे, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे अलीकडचे फोटो
- किमान ३०,००० युरोचे संरक्षण देणारा, सगळे शेंगेन देश आणि सगळे दिवस धरणारा प्रवासविमा
- जाण्यायेण्याचे विमान आरक्षण आणि प्रत्येक रात्रीचे राहण्याचे आरक्षण
- बँकेच्या शिक्क्यासह खात्याचे अलीकडच्या महिन्यांचे उतारे आणि आयकर विवरणपत्रे
- नोकरदारांसाठी रजा मंजूर झाल्याचे पत्र आणि पगारपत्रके, व्यावसायिकांसाठी नोंदणीचा दाखला, निवृत्तांसाठी निवृत्तिवेतनाची नोंद
- मुलांचा जन्मदाखला आणि आई-वडिलांपैकी एकजण बरोबर नसेल तर त्याचे संमतिपत्र
- दिवसवार बेत आणि खर्च कोण करणार ते सांगणारे पत्र

यात दोन जागी मराठी कुटुंबे हमखास अडकतात. पहिली जागा नावाची आहे. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव त्याच रकान्यात असते, बँकेत फक्त आद्याक्षर असते आणि लग्नानंतर आडनाव कुठे बदललेले असते, कुठे नसते. आईच्या पासपोर्टवर, बँक खात्यावर आणि निवृत्तिवेतनाच्या कागदावर तीन तऱ्हांनी नाव होते. आम्ही विवाहाचा दाखला आणि एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडले. विमानाचे तिकीट मात्र अक्षर न् अक्षर पासपोर्टप्रमाणेच काढावे. दुसरी जागा पैशांची आहे. अर्जाच्या आठवड्यात नातेवाइकांकडून मोठी रक्कम खात्यात आणून ठेवली, की ती उताऱ्यावर उठून दिसते आणि तिचा खुलासा मागितला जातो. आपली नेहमीची शिल्लक दाखवावी आणि ठेवींच्या पावत्या जोडाव्यात.

मुलगी किंवा भाचा तिकडे राहत असेल आणि त्यांच्याकडेच उतरणार असाल, तर साधे आमंत्रणपत्र पुरत नाही. फ्रान्समध्ये यजमानाला नगरपालिकेकडून आणि स्पेनमध्ये पोलिसांकडून अधिकृत निमंत्रणपत्र काढावे लागते आणि त्याला वेळ लागतो.

भारतीय पासपोर्टधारकांना, व्हिसा घेणे बंधनकारक असल्यामुळे, 'ईटिअस' नावाची परवानगी काढावी लागत नाही. तिच्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर देऊ नयेत.

६. जागा घेताना काय विचारावे

बार्सिलोनात आइशाम्प्ला हा सरळ रस्त्यांचा, कोपरे कापलेल्या चौकोनी वस्त्यांचा भाग कुटुंबांना सोयीचा पडतो. किनाऱ्यालगतच्या आणि रांब्ला या गजबजलेल्या रस्त्याजवळच्या खोल्यांत रात्री उशिरापर्यंत गोंगाट असतो. घर भाड्याने घेणार असाल, तर जाहिरातीत 'एचयूटीबी'ने सुरू होणारा परवाना क्रमांक आहे का ते पाहावे. शहराने २०२८ पर्यंत पर्यटकांसाठीची अशी घरे बंद करण्याचे जाहीर केले आहे, त्यामुळे बिनपरवाना जागेच्या भानगडीत पडू नये.

नीसमध्ये लिफ्ट आहे का, हा प्रश्न सर्वांत आधी आणि लेखी विचारावा. आम्ही जुन्या गावात फोटो पाहून घर घेतले आणि तिथे पोहोचल्यावर कळले, की चार मजले दगडी, वळणावळणाचा जिना चढायचा आहे. आईने पहिले दोन दिवस वर-खाली करणेच टाळले. तिसऱ्या दिवशी आम्ही पैसे सोडून ट्रामच्या मार्गावरच्या एका साध्या हॉटेलात गेलो. नीसचा विमानतळ, शहर आणि बंदर यांना जोडणारी दोन क्रमांकाची ट्राम फार उपयोगी आहे. तिच्या थांब्याजवळ जागा घेतली तर टॅक्सी लागत नाही. जुलै-ऑगस्टसाठी वातानुकूलन आहे का तेही विचारावे. दोन्ही शहरांत दरडोई, दररात्री पर्यटन कर असतो आणि तो बहुधा हॉटेलात वेगळा भरावा लागतो.

७. तिकिटे, पैसे आणि खिसा

बार्सिलोनात दहा फेऱ्यांचे टी-कॅज्युअल तिकीट एकाच व्यक्तीला वापरता येते आणि विमानतळाच्या मेट्रो स्थानकांवर ते चालत नाही. कुटुंबाने मिळून वापरायचे असेल तर टी-फॅमिलिआर घ्यावे. कार्डाने पैसे देताना यंत्र 'युरो की रुपये' असे विचारते, तेव्हा युरोच निवडावेत, नाहीतर वाईट दराने रक्कम वजा होते.

पाकीटमारांपासून दोन्हीकडे जपावे, पण बार्सिलोनात डोळ्यांत तेल घालून जपावे. मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर पुढचा माणूस अचानक थांबला, मागचा धडकला आणि नवऱ्याच्या मागच्या खिशातले पाकीट गेले. सगळे मिळून पाच सेकंद लागले असतील. पासपोर्ट खोलीवर होते म्हणून सुट्टी वाचली. चोरी झाल्यास पोलिसांकडे तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी, त्याशिवाय विम्याचा दावा होत नाही. पासपोर्टच गेला, तर बार्सिलोनात तिथलाच भारतीय वाणिज्य दूतावास आणि नीसहून मार्सेयचा भारतीय वाणिज्य दूतावास गाठावा लागतो. मार्सेयचा दूतावास फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू झाला.

८. निघण्याच्या आठवड्यात

विमान पॅरिस किंवा फ्रँकफर्टसारख्या ठिकाणी बदलणार असेल, तर शेंगेनची तपासणी तिथेच होते, बार्सिलोना किंवा नीसला होत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो नोंदवण्याची नवी पद्धत आली आहे आणि पहिल्या वेळी तिला वेळ लागतो. दोन विमानांमध्ये निदान तीन तास ठेवावेत. हॉटेलचे आरक्षण, विमा आणि परतीचे तिकीट यांच्या छापील प्रती हातातल्या पिशवीत असाव्यात, कारण अधिकारी त्या मागू शकतो आणि त्या वेळी फोनला नेट असेलच असे नाही. दोन्ही देशांत गोल पिनांचे प्लग लागतात. ज्येष्ठांची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, दोन पिशव्यांत विभागून ठेवावीत. नीसला जाणार असाल, तर पाण्यातले बूट विमानतळावर जमा करायच्या बॅगेत तळाशी न घालता वरच ठेवावेत. पहिल्याच संध्याकाळी ते लागतात.